‘हल्ला’ की ‘पकड सुटणे’? : पेम्फिगसच्या मराठी वर्णनाविषयी

पेम्फिगस या त्वचारोगाचा परिचय मराठीत बहुधा एकाच ठरीव वाक्याने करून दिला जातो : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते व त्यामुळे अंगावर फोड येतात. हे वाक्य सुबोध आहे. परंतु सुबोधता आणि यथार्थता या दोन भिन्न गोष्टी होत. ‘हल्ला’ या शब्दामागोमाग संहाराची कल्पना येते, आणि या रोगाचे मूळ स्वरूप संहाराचे नाही. प्रस्तुत टिपणात या शब्दयोजनेचे परीक्षण करावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बाह्यत्वचेतील पेशी डेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म सांध्यांनी एकमेकींस जखडलेल्या असतात. एका पेशीच्या डेस्मोग्लीन या प्रथिनाचे बाहेर आलेले टोक शेजारच्या पेशीच्या तशाच टोकांत गुंतते. पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात त्वचेविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे ब्यूटनर व जॉर्डन यांनी १९६४ साली दाखविले. त्यांचे एक प्रमुख लक्ष्य डेस्मोग्लीनच्या कुळातील आहे, हे आमागाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली उघड केले. प्रतिपिंड चिकटले की ही गुंतवण सैल होते. पेशी तत्काळ मरत नाही. ती शेजारणीपासून सुटते, गोल होते, आणि मधल्या पोकळीत द्रव साचून फोड उठतो. सर्वांत तळच्या पेशींची ओळ मात्र आपल्या आधारपटलास धरून उभीच असते.

व्याकरणाच्या अभ्यासकास ही घटना अपरिचित वाटू नये. संधीचा विग्रह करताना पदे नाहीशी होत नाहीत. त्यांचा जोड सुटतो. अशा विग्रहास आपण ‘फोड’ असेच म्हणतो, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. याउलट अकँथोलायसिस ही शास्त्रीय संज्ञा पाहावी. तिच्यातील ग्रीक घटकांचा अर्थ ‘काटा’ आणि ‘सुटणे’ असा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आक्रसलेल्या दिसतात, पण सांध्यांपाशी धरलेल्या राहतात. म्हणून त्या काटेरी भासतात. म्हणजे जो काटा वाटला तोच वस्तुतः सांधा होता. ‘कंटकविलय’ असे शब्दशः भाषांतर केल्यास भासाचेच नामकरण होईल; ‘पेशीसंधिविच्छेद’ ही संज्ञा क्रियेचे नाव सांगते.

जोड कोठे सुटला यास येथे फार महत्त्व आहे. १९५३ साली लिव्हर यांनी पेम्फिगॉइड हा रोग पेम्फिगसपासून वेगळा काढला. त्यात पेशीपेशींमधील नव्हे, तर बाह्यत्वचा व तिचा पाया यांमधील बंध तुटतो. म्हणून फोड खोल व ताठ असतात. पेम्फिगसचे फोड सैल असून लवकर फुटतात, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात बहुधा तोंडातील व्रणांनीच प्रारंभ होतो. पेम्फिगॉइडमध्ये दाहाचा वाटा मोठा असल्याने तेथे ‘हल्ला’ हा शब्द काहीसा क्षम्य ठरेल. परंतु दोन्ही रोगांस एकच वाक्य लावल्याने हा भेद पुसला जातो.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. वसई तालुक्यातील निर्मळसारख्या गावी घरात सामवेदी बोली आणि दवाखान्यात प्रमाण मराठी अशी स्थिती आढळते; तेथे रोगाची समजूत एखाद्या शब्दावरच तोलली जाते. ‘फोड’ म्हणताच कांजिण्या आठवतात, ‘हल्ला’ म्हणताच जंतू. आणि मुळीच संसर्गजन्य नसलेल्या रोगाच्या माणसाचे ताट वेगळे मांडले जाते. तेथे ‘संधिविच्छेद’ उपयोगाचा नाही, आणि ‘सांधा’ म्हटल्यास संधिवाताचा भ्रम होईल. ‘कातडीच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते’ एवढे वाक्य पुरेसे आहे. पकड सुटली तर ती पुन्हा बसू शकते, हेही त्यातूनच कळते. स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅब प्रतिपिंडांस आवर घालतात, व व्रण बहुधा वण न ठेवता भरतात. फोड दिसेनासे झाले म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करणे घातक का, तेही सांगता येते : प्रतिपिंडे अद्याप रक्तात असू शकतात.

याच पट्ट्यात केळीच्या बागा आहेत. भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास मुंबईत शीव येथे डॉ. माधुरी गोरे यांनी केला व तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पेम्फिगसच्या रुग्णाखालीही हे पान अंथरण्याची पद्धत आपल्या देशात आहे. त्याचा गुण एवढाच, की ते ओल्या व्रणास चिकटत नाही. चिकटणे आणि सुटणे यांचा हा व्यवहार बागायतदारास समजावून सांगावा लागत नाही. रोगाचे वर्णन करणाऱ्याने युद्धाची भाषा सोडून हीच भाषा उचलावी, असे आमचे मत आहे.