मोती आणि पाषाण : संगणकीय त्वचेतील वास्तवाभास

संगणकाच्या पडद्यावरील मानवाकृतीला माणूस म्हणायचे की बाहुली, याचा निर्णय तिच्या हाडासांध्यांपेक्षा तिच्या त्वचेवर अधिक अवलंबून असतो. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या 'टॉय स्टोरी' या पहिल्या पूर्ण लांबीच्या संगणकनिर्मित चित्रपटाचे नायक खेळणी होते. त्या काळच्या तंत्राला प्लास्टिक सहज साधत होते, माणूस साधत नव्हता. प्रकाश पृष्ठभागावर पडतो आणि तेथूनच परततो, असे गृहीत धरून घडवलेली त्वचा रंग दिलेल्या वस्तूसारखी निर्जीव दिसते. प्रत्यक्षात प्रकाशाचा मोठा भाग त्वचेच्या आत शिरतो, विखुरतो आणि किंचित अंतरावरून बाहेर पडतो. त्यातही लाल प्रकाश सर्वांत दूरवर जातो. कानामागे दिवा धरला की पाळी लालबुंद दिसते ती यामुळेच. या आंतरविकिरणाचे वापरण्याजोगे गणित जेन्सन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनराहन यांनी २००१ साली मांडले आणि संगणकीय त्वचेला एकाएकी मांसलता आली. त्या निबंधातील नमुने होते संगमरवर, दूध आणि मानवी चेहरा. या तिघांचे सान्निध्य वरकरणी निरुपद्रवी आहे. समीक्षेने थबकायचे ते मात्र नेमके येथेच.

संगमरवर, दूध आणि चेहरा यांना एका सूत्रात ओवणारी दृष्टी संस्कृत काव्यशास्त्राला अपरिचित नाही. आनंदवर्धनाने प्रतीयमान अर्थाला स्त्रीच्या लावण्याची उपमा दिली. लावण्य अवयवांहून निराळे, पण अवयवांखेरीज कोठेही न सापडणारे. पुढे रूपगोस्वामीने 'उज्ज्वलनीलमणी'त लावण्याची व्याख्या करताना मोत्याच्या आत तरळणाऱ्या छायेचा दाखला दिला. मोत्याची झळाळी पृष्ठभागाची नसते. एकावर एक बसलेल्या पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशाची ती करणी असते. म्हणजे संगणकशास्त्राने ज्याला सूत्र दिले, ते रसिकतेला पूर्वीच दिसले होते, असे म्हणता येईल. आपल्याकडे सर्व काही आधीच होते, असे सांगण्याची हौस असणाऱ्यांना हा दाखला आवडेलही. पण या साम्यात अभिमानापेक्षा अडचणच अधिक आहे. दोन्ही परंपरांनी त्वचेचे सत्य 'आत' शोधले आणि त्यासाठी शुभ्र, अर्धपारदर्शक द्रव्य आदर्श मानले. मोती काय किंवा दूध काय, गडद त्वचा या आदर्शात बसत नाही.

यामागे भौतिकीचे साधे कारण आहे. त्वचेच्या बाह्य पृष्ठभागावर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे तीन टक्के प्रकाश तेथूनच परततो आणि हे प्रमाण गोऱ्या वा काळ्या त्वचेत जवळजवळ सारखेच असते. फरक पडतो तो आत गेलेल्या प्रकाशात. मेलॅनिन अधिक असेल तर तो शोषला जातो, परत कमी येतो. परिणामी गडद त्वचेच्या दृश्यरूपात पृष्ठभागावरील झळाळीचा वाटा मोठा होतो. ही झळाळी त्वचेचा रंग घेत नाही, प्रकाशाचा घेते. दुपारच्या उघड्या आभाळाखाली काळ्या खांद्यावर निळसर चमक दिसते, ती आभाळाची असते. येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी २०२० साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील लेखात हाच आक्षेप नोंदवला. आंतरविकिरण म्हणजेच मानवी त्वचा, असे समीकरण रूढ झाले आणि गोऱ्या त्वचेचे लक्षण माणसाचे लक्षण ठरले, हा त्यांचा मुद्दा आहे. तो वंशवादाच्या सरसकट आरोपाहून अधिक सूक्ष्म आहे. सूत्र खोटे नाही. कोणता गुण प्रथम सोडवण्याच्या योग्यतेचा मानायचा, ही निवड मात्र मूल्यात्मक आहे.

अशा निवडीचा इतिहास भारतीय कलाव्यवहारातही आहे. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अंगरचना म्हणजे नटाच्या देहाचे रंगलेपन. मूळ चार रंगांच्या मिश्रणाचा विचार करणारा भरत ब्राह्मण-क्षत्रियांना गौर, तर वैश्य-शूद्रांना श्याम रंगवण्यास सांगतो. 'वर्ण' या एका शब्दात रंग आणि समाजातील स्थान दोन्ही सामावतात, याचे एवढे उघड प्रात्यक्षिक अन्यत्र क्वचितच सापडेल.

अर्वाचीन काळातील दोन उदाहरणे पनवेलपासून फार दूर नाहीत. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला रस्ता दुभंगतो. एक फाटा बोरघाट चढून लोणावळ्यापलीकडे मळवलीकडे जातो, दुसरा पेणकडे. रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीस हलला. तैलचित्रातील पारदर्शक रंगलेपांनी साधलेली अंगकांती येथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून, ठिपक्यांवर ठिपके छापून कागदावर उतरवली जाई. गौरवर्ण लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचल्या त्या या वाटेने. (मोत्याची कांती पाषाणावरून छापली जात होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.) पेण आणि त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे या गावांच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत आजही मूर्ती सुकल्यावर तिला पांढऱ्या रंगाचा हात देतात, त्यावर अंगरंग चढवतात, पोटाच्या वळीत आणि सांध्यांत गडद छटेचा हलका फवारा मारतात आणि डोळ्यांची आखणी शेवटी करतात. पांढऱ्या अस्तरामुळे वरचा पातळ रंग उजळ दिसतो, वळीतल्या छटेमुळे मांसलतेचा भास होतो. गजमुख देवतेच्या बाबतीत 'हुबेहूब' हा शब्दच निरर्थक असताना कारागीर तिच्या देहाला मानवी आणि बहुधा गुलाबीसर त्वचा देतो. त्याला यथार्थता नको आहे, प्रत्यय हवा आहे आणि तो कशाने येतो हे त्याला ठाऊक आहे. त्याने आपल्या त्वचेला विज्ञान म्हटले नाही, हा त्याचा संगणकीय त्वचाकारांहून असलेला प्रामाणिकपणा म्हणावा लागेल.

येथे 'लावण्य' या शब्दाची व्युत्पत्ती अनपेक्षितपणे उलटी फिरते. लावण्य म्हणजे लवणाचा गुण, खारेपणा. पनवेलची खाडी, उरण, पेण हा सारा मुलूख मिठागरांचा. 'आगरी' हे जातिनामही 'आगर' या शब्दाशी जोडले जाते. भर उन्हाळ्यात मिठागरात मीठ ओढणाऱ्याच्या देहावर घामाची ओल असते, मिठाची पांढुरकी खपली असते आणि त्यांमधून लखलखणारी काळी त्वचा असते. शब्दार्थाने पाहिल्यास लावण्याचा पहिला अधिकारी हाच देह. परंतु शास्त्रकाराने मिठाचा शब्द उचलला आणि उदाहरण मोत्याचे दिले. सौंदर्याचे निकष सार्वत्रिक नसतात, हे शरद पाटलांनी 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथांत निरनिराळ्या भूमिकांवरून सांगितले. त्या वादाची कक्षा साहित्यापुरतीच राहिली. त्वचेच्या सूत्रापर्यंत तो नेल्यास त्याचे दृश्य प्रमाणच हाती लागते.

मराठी परंपरेजवळ मोत्याला पर्याय नाही, असे मात्र नाही. विठ्ठल सावळा आहे आणि संतकाव्याने त्या सावळेपणाची क्षमा मागितलेली नाही. कोकणातल्या गावदेवांच्या काळ्या पाषाणावर तेल चोळले की जी तुकतुकी येते ती सर्वस्वी पृष्ठभागाची असते. आत काही तरळत असल्याचा भास तेथे नाही. तरीही भक्ताला ती मूर्ती पोकळ वाटत नाही. खोली म्हणजे सत्य आणि पृष्ठ म्हणजे केवळ देखावा, या समीकरणाला ही कांती शांतपणे नकार देते. व्यंग्यार्थालाच काव्याचा आत्मा मानणाऱ्या समीक्षेलाही हा नकार झोंबावा असा आहे.

संगणकीय त्वचाकार वास्तवाच्या जवळ जाण्यासाठी आणखी एका साधनाचा आधार घेतो. रंध्रे, तीळ, बारीक लव, जुन्या जखमेचा व्रण असे तपशील तो त्वचेच्या सपाट पसरलेल्या नकाशावर टिपतो. रोलाँ बार्थ यांनी १९६८ साली फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाविषयी जे म्हटले, ते या तिळाला तंतोतंत लागू पडते. त्याचे कथेत काही काम नसते. 'हे खरे आहे' एवढेच तो सांगत असतो. पण व्रणाला इतिहास असतो. विक्रीस ठेवलेल्या त्वचेवरील व्रण कोणाच्याही आकृतीवर चढवता येतो आणि म्हणून तो कोणाचाच नसतो. वास्तववादी कादंबरीतील निरुपयोगी तपशील निदान त्या घरातला असे.

या व्यवहारात गडद माणूस बहुधा कसा घडतो, हे तपासले की निवडीचा परिणाम उघड होतो. उजळ त्वचेसाठी जुळवलेली आकृती घेतली जाते आणि तिच्या रंगाचा नकाशा तेवढा गडद केला जातो. झळाळीची, खरखरीतपणाची आणि आंतरविकिरणाची मापे जुनीच राहतात. मग पडद्यावर जो देह उभा राहतो त्याचा रंग काळा असतो, पण कांती नसते. राख फासल्यासारखा, घाम न येणारा, आभाळ न झेलणारा. मिठागरातला माणूस या मापांनी घडवायचा तर नकाशा गडद करून भागणार नाही. आधी पृष्ठभागावरच्या त्या तीन टक्के प्रकाशाचा हिशेब मांडावा लागेल, त्यावर घामाचा आणि मिठाचा थर द्यावा लागेल आणि आंतरविकिरणाची पाळी सर्वांत शेवटी येईल.