दुःख कुणाला सांगावे?

माझ्या एका कादंबरीत मुलगा गेल्यावर आई दोन पाने आक्रोश करते. ती पाने लिहिताना मी रडलो होतो. आज वाचताना माझाच डोळा कोरडा राहतो. असे का व्हावे, याचे उत्तर मला चेकॉव्हच्या १८८६ सालच्या एका लहानशा कथेत सापडले.

पीटर्सबर्गचा म्हातारा गाडीवान आयोना. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलेला. बर्फ पडत असते. तो उतारूंना सांगू पाहतो. पण कुणाला घाई असते, कुणी शिव्याच देतो. मुलगा आजारी कसा पडला, मरताना काय बोलला, त्याचे कपडे आणायला इस्पितळात कसे जावे लागले, हे सारे त्याला सावकाश सांगायचे आहे. कपड्यांचा उल्लेख अगदी ओझरता. पण मला तोच विसरता येत नाही. अखेर म्हातारा वैरण खाणाऱ्या आपल्या घोडीलाच सारे सांगतो.

चेकॉव्हने आयोनाला ऐकणारा माणूसच दिला नाही. म्हणून ऐकण्याचे काम वाचकावर येऊन पडते. माझ्या कादंबरीतली आई मात्र वाचकाच्या वाटचेही रडून मोकळी झाली होती. ती पाने पुन्हा लिहायची झाली, तर मी तिला शेजारणीकडे पाठवीन. आणि शेजारीण नेमकी घाईत असेल.