ठळक इटॅलिक: स्लॅब सेरिफची अवघड बाजू

लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात जाड, चौकोनी टोकांची अक्षरं छापली. उभी दांडी जितकी जाड, जवळजवळ तितकीच जाड तिच्या टोकाची आडवी पट्टी. लांबूनही नजरेत भरणारी ही अक्षरं जाहिरातींना लगेच मानवली. पुढच्या दोनशे वर्षांत या स्लॅब सेरिफ कुळाने टाइपरायटरपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत मजल मारली. त्यातलं एक घर मात्र बराच काळ रिकामं राहिलं किंवा कसंबसं भरलं गेलं, ते म्हणजे ठळक इटॅलिकचं. स्लॅब घडवणाऱ्याचा हात किती तयार आहे, हे माझ्या मते तिथेच कळतं.

सरळ स्लॅबला सगळं अनुकूल असतं. दांडी आणि पट्टी काटकोनात भेटतात, अक्षर जमिनीवर घट्ट उभं राहतं. तेच अक्षर कलवलं की पट्टी आडवीच राहते, दांडी झुकते आणि काटकोन मोडतो. एका बाजूला टोकदार कोपरा तयार होतो, दुसऱ्या बाजूला बोथट. खिळ्यांच्या छपाईत त्या टोकदार कोपऱ्यात शाई साचायची. आज लहान आकारात पडद्यावर तिथे काळा ठिपका दिसतो. ठळकपणामुळे अक्षराच्या पोटातली जागा मुळातच कमी असते, म्हणून हा दोष दुप्पट खुपतो. गोल अक्षरांचं तर याहून वाईट होतं. रोमन ‘ओ’ संगणकाला नुसता कलवायला सांगा: त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग सुजतो, उरलेले दोन भाग रोडावतात. चांगला अक्षररचनाकार ही सूज हाताने उतरवतो, पट्ट्या थोड्या बारीक करतो, अक्षरांमधलं अंतर पुन्हा बसवतो.

त्याहून चांगला रचनाकार मुळात कलवतच नाही, नव्याने काढतो. सरळ ‘एन’च्या दोन्ही पायांना दोन्हीकडे पट्ट्या असतात. खऱ्या इटॅलिकमध्ये लेखणी डावीकडून वर शिरते आणि उजव्या पायाशी बाहेर पडते. पट्टी या दोन जागी ठेवली तरी पुरते. बाकीच्या गळाल्या की अक्षर अरुंद होतं, पोट मोकळं होतं आणि ठळकपणाला श्वास मिळतो. स्लॅबचा दणकटपणा आणि हाताचा ओघ अशा जागी एकत्र येतात. ते पाहताना मला आजही आनंद होतो.

हे उमगायला या व्यवसायाला वेळ लागला. १८४५ साली फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्लीने क्लॅरेंडन या स्लॅबची नोंदणी केली. त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, बेंजामिन फॉक्सने कोरले होते. संरक्षण मिळालं तीनच वर्षांचं आणि ते संपताच नकलांचा पूर आला. साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक करून उठवायचा, शब्दकोशातल्या नोंदीसारखा, हे क्लॅरेंडनचं काम. ठळकपणा हाच जोर असल्यावर वर तिरकेपणा कशाला, असंच त्या काळी वाटलं असावं. १९५३ साली हर्मान आयडेनबेन्झने क्लॅरेंडनला नवं रूप दिलं, तेही इटॅलिकविनाच. मधल्या काळात मेम्फिस (१९२९) आणि रॉकवेल (१९३४) हे भूमितीवर बेतलेले स्लॅब आले. त्यांची इटॅलिकं म्हणजे सरळ अक्षरांनाच दिलेला कल. पोस्टरवर ती खपून जातात, परिच्छेदात मात्र कडक आणि बेसूर वाटतात.

एरिक गिलच्या जोआना या स्लॅबने १९३०च्या सुमारास अरुंद, जेमतेम कललेलं इटॅलिक देऊन वेगळी वाट दाखवली होती. त्या वाटेने ठामपणे चालला तो पीटर मॅथियास नोर्डझाय. त्याचा सेसिलिया हा स्लॅब १९९० साली आला आणि पुढे किंडलवर असंख्य वाचकांच्या हाती पोहोचला. हेफ्लर अँड फ्रेअर-जोन्सच्या सेंटिनेलने २००९ साली क्लॅरेंडनच्या घराण्याला त्याचं राहून गेलेलं इटॅलिक मिळवून दिलं, थेट सर्वांत जाड वजनापर्यंत. या विषयातलं मला सर्वांत आवडणारं काम हेच.

फुकट मिळणाऱ्या फाँटांचं चित्र मिश्र आहे. मोझिलासाठी टिपोथेकने केलेल्या झिला स्लॅबमध्ये (२०१७) ठळक इटॅलिक नीट काढलेलं आहे. सोल माटासचा बिटर २०११ साली आला तेव्हा त्यात साधं, इटॅलिक आणि ठळक एवढंच होतं. ठळक इटॅलिक नंतर आलं. रोबोटो स्लॅब सर्रास वापरला जातो, पण त्याला इटॅलिकच नाही. मग ब्राउझर स्वतःच अक्षरं ओढून तिरकी करतो आणि तो सुजलेला ‘ओ’ परत येतो.

ही चैनीची गोष्ट आहे असं कोणी म्हणेल. पण ठळक उपशीर्षकात पुस्तकाचं किंवा जहाजाचं नाव आलं की इंग्रजीच्या रिवाजाप्रमाणे ठळक इटॅलिक लागतंच, तिथे पळवाट नाही. क्रीडापानावरचा गुणफलक, मुलाखतीतलं उचलून मोठं छापलेलं वाक्य, दुकानाच्या पाटीवरचे दोन शब्द, या जागाही त्याच्याच. अख्खा परिच्छेद त्यात लावणं मात्र वाचकावर अन्याय आहे.

देवनागरीत हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. इथे जवळजवळ प्रत्येक दांडी शिरोरेखेला काटकोनात भेटते, म्हणजे स्लॅबची अडचण इथे अक्षराच्या माथ्यावरच बसलेली. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी जोआना कोरेयाने केलेल्या कर्मामध्ये (२०१४) स्लॅब रोमनला देवनागरीची उत्तम जोड आहे, वजनं पाच आहेत, पण दोन्ही लिप्यांना इटॅलिक नाही. मराठी मथळ्यांत दिसणारी ठळक तिरकी देवनागरी बहुधा संगणकाने कलवलेली असते. ‘भ’ आणि ‘ध’च्या गाठी त्यात बुजतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर रेलतात. इथे शिरोरेखा दांडीपेक्षा बारीक ठेवायला हवी, गाठी उघडायला हव्यात आणि मात्रांचा कल दांडीहून वेगळा धरून पाहायला हवा. हे सगळं एकेक अक्षर घेऊन हातानेच करावं लागेल.