लोकसंख्या संक्रमणाच्या आकृतीविषयी

लोकसंख्येचा धडा आला की भूगोलाचे शिक्षक फळ्यावर दोन रेषा काढतात. एक जन्मदराची, दुसरी मृत्युदराची. सुरुवातीला दोन्ही उंचावर. मग मृत्युदर घसरतो, जन्मदर मात्र वरच राहतो. दोहोंमधली जागा फुगते, ती लोकसंख्येची वाढ. पुढे जन्मदरही उतरतो आणि दोन्ही रेषा तळाशी जवळजवळ समांतर धावू लागतात. खाली ‘विकास’ असा बाण. आकृती सुबक आहे, पाच मिनिटांत काढता येते आणि परीक्षेत गुणही देते. पण ती कारण सांगते, असे आपण समजतो. तिथेच घोटाळा होतो.

या मांडणीची सुरुवात वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ साली केली आणि फ्रँक नोटस्टीन यांनी १९४५ च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. सार असे: शेतीप्रधान समाजात मूल म्हणजे कामाचे हात आणि म्हातारपणाची काठी. कारखाने, शहरे आणि शाळा आल्या की तेच मूल खर्चाचे होते, म्हणून आईवडील आवरते घेतात. तर्क पटण्यासारखा आहे. ज्या पश्चिम युरोपवरून तो काढला, तिथला इतिहास मात्र तितका सरळ नाही.

इंग्लंडचेच पाहा. रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी ४०४ पॅरिशांतील चर्चच्या नोंदवह्या तपासून १९८१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की अठराव्या शतकात तिथली लोकसंख्या वाढली ती मृत्युदर घटल्यामुळे जितकी, त्याहून अधिक जन्मदर चढल्यामुळे. मुलींची लग्ने पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागली होती. आकृतीतल्या दुसऱ्या टप्प्यात जन्मदराची रेषा आडवी असते. प्रत्यक्षात ती वर जात होती! फ्रान्समध्ये तर बहुसंख्य लोक शेतकरी असतानाच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, जन्मदर उतरू लागला. औद्योगिक इंग्लंडला त्यासाठी आणखी सुमारे शंभर वर्षे लागली.

प्रिन्स्टन विद्यापीठात ॲन्सली कोल यांच्या पुढाकाराने १९६३ पासून युरोपच्या शेकडो प्रांतांची आकडेवारी तपासली गेली. उत्पन्न, शहरीकरण किंवा साक्षरता अमुक पातळीला पोचली की जन्मदर उतरतो, असा उंबरठा सापडला नाही. सापडले ते वेगळेच: एक भाषा बोलणारे शेजारी प्रांत, गरीब असोत वा श्रीमंत, साधारण बरोबरीने बदलले. बेल्जियममध्ये तर भाषेची सीमा हीच जन्मदराचीही सीमा ठरली. म्हणजे लहान कुटुंब ही ऐकून, पाहून पसरणारी गोष्टही आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये केरळात २.०, गोव्यात १.९, महाराष्ट्रात आणि पंजाबात २.९, उत्तर प्रदेशात ४.८ होती. पंजाब तेव्हा केरळपेक्षा कितीतरी श्रीमंत. पण १९९१ च्या जनगणनेत स्त्री-साक्षरता केरळात ८६ टक्के, पंजाबात ५० टक्के. मग मुलींचे शिक्षण हीच किल्ली म्हणावी का? तर आंध्र प्रदेश आडवा येतो. तिथली स्त्री-साक्षरता तेव्हा जेमतेम ३३ टक्के, लग्नेही कोवळ्या वयात. तरी १९९८-९९ च्या पाहणीत सरासरी २.३ पर्यंत उतरली. बऱ्याच स्त्रिया दोन-तीन मुलांनंतर पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया करून घेत होत्या. एकाच दारातून सगळे आत आले, असे काही झालेले नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री करणसिंह यांनी विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन असल्याचे सांगितले. दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्यांनीच मांडलेल्या लोकसंख्या धोरणात शिक्षण आणि विकासाची वाट पाहत बसणे व्यवहार्य नाही, असे म्हटले होते. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी सक्तीने. ‘विकास’ हा एकच बाण असेल, तर तो सावकाश सरकतोय म्हणून मागून ढकलण्याचा मोह होणारच. बाळंतपणातली सुरक्षितता, मुले जगण्याची खात्री, मुलीची शाळा, दवाखान्यात मिळणारी साधने असे वेगवेगळे धागे दिसले असते, तर कदाचित धीर राहिला असता.

आकृतीचा शेवटही तपासायला हवा. पिढीची जागा भरून निघायला दर स्त्रीमागे सुमारे २.१ मुले लागतात. रेषा तिथे येऊन थांबतील, अशी अपेक्षा होती. दक्षिण कोरियात २०२३ साली हा आकडा ०.७२ होता. जपानची लोकसंख्या पंधराएक वर्षे घटते आहे, चीनची २०२२ पासून घटू लागली. आपल्याकडे २०१९-२१ च्या पाहणीत देशाची सरासरी २.०, महाराष्ट्राची १.७, तर बिहारची ३.० होती. तरीही भारताची लोकसंख्या वाढते आहे, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीची मुले कमी, पण आयाच अधिक. वर्गात हा प्रश्न हमखास येतो. आकृतीत वयोरचना नाही, त्यामुळे तिच्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही.

फळ्यावरची आकृती पुसून टाका, असे माझे म्हणणे नाही. मृत्युदर आधी, जन्मदर नंतर हा ढोबळ क्रम बहुतेक ठिकाणी खरा ठरला. पण तिच्या जोडीला नववी-दहावीच्या मुलांना घरून एक तक्ता आणायला सांगावा: पणजी, आजी, आई यांचे शिक्षण, लग्नाचे वय, भावंडांची संख्या. दगावलेल्या मुलांविषयी विचारताना जपून विचारावे. काही घरांत ती जखम अजून ओली असते. तक्ते एकत्र केल्यावर मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा: ज्या स्त्रियांना मूलच झाले नाही, त्या या तक्त्यात कुठे आहेत? आणि जिला नऊ मुले होती, तिची नातवंडे-पतवंडे वर्गात सापडण्याची शक्यता किती जास्त? मग पणजीच्या पिढीची सरासरी खऱ्यापेक्षा फुगलेली का येते, ते मुले स्वतःच शोधून काढतील.