‘गड आला पण सिंह गेला’ : मुलांबरोबर वाचताना

माजिवड्याहून ठाण्याचा किल्ला फार लांब नाही. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. म्हणजे आपल्या मुलांना किल्ला दिसतो तो बाहेरून, तुरुंगाची भिंत म्हणून. आत शिरायचं तर गोष्टीतूनच शिरावं लागतं. म्हणून शाळेच्या वाचनमंडळात ऐतिहासिक कादंबरी हवीच, असं आमचं मत आहे. ती वाचून झाल्यावर मुलांशी बोलायचं काय, हा आजचा विषय.

उदाहरण घेऊ हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’चं. हरिभाऊंनी ती काही खास मुलांसाठी लिहिली नव्हती. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली ही कादंबरी पुढे संक्षिप्त आवृत्त्यांमधून मुलांच्या हातात गेली आणि मुलांचीच झाली. सातवी-आठवीच्या मुलांबरोबर आम्ही ती वाचली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो अगदी अपेक्षित: ‘हे सगळं खरं आहे का?’

इथे मोठी माणसं सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘असं विचारायचं नसतं’ म्हणून गप्प करतात, नाहीतर ‘छे, सगळी दंतकथा’ म्हणून हसतात. दोन्हींमुळे मुलाचं वाचन तिथेच थांबतं. पहिल्या उत्तरातून ते एवढंच शिकतं, की आवडत्या वीराबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान. आमच्या मते यापेक्षा मोठं नुकसान नाही.

आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. बखर काय सांगते, पोवाडा काय सांगतो, हरिभाऊ काय सांगतात. सभासदाची बखर १६९७च्या सुमाराची, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी लिहिलेली. तिच्यात मावळे माकडांसारखे कडा चढतात. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात, आणि मग सूर्याजी लढाई हातात घेतो. प्रसंग थोडक्यात आटोपतो. घोरपड भेटते ती तुळशीदासाच्या पोवाड्यात, रायबाचं लग्नही तिथेच. आणि ‘सिंहगड’ हे नाव? ते तर १६७०च्या आधीच्या पत्रांतही सापडतं. म्हणजे तानाजी पडला म्हणून ते नाव दिलं, असं म्हणता येत नाही.

आता भीती अशी वाटते, की एवढं सांगितल्यावर मुलांच्या मनातून तानाजी उतरेल. तसं होत नाही! उलट प्रश्न बदलतो. ‘खरं की खोटं’ मागे पडतं आणि ‘मग हे कुणी घातलं आणि कशासाठी?’ हे पुढे येतं. साहित्याची चर्चा सुरू होते ती इथे.

लग्नाचंच बघा. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा होता. बारा वर्षांच्या मुलाला तहाची कलमं कळत नाहीत. पण घरात लग्न निघालंय, मांडव पडायचाय, आणि बाप म्हणतो ते राहू दे, हे त्याला लगेच कळतं. काय बाजूला ठेवून माणूस निघाला, याचं माप त्या लग्नामुळे मिळतं. पोवाड्यातला हा धागा हरिभाऊंनी उचलला आणि कादंबरीभर खेळवला. ही त्यांची ताकद.

कमलकुमारीचं मात्र तसं नाही. ती बखरीत नाही. पतीच्या चितेकडे निघालेल्या या रजपूत स्त्रीला उदयभान पळवून आणतो आणि कोंढाण्यावर ठेवतो. खलनायक किती वाईट हे दाखवायला तिचा उपयोग होतो, उत्कंठाही वाढते. पण आमच्या मंडळातल्या एका मुलीनं विचारलं, ‘तिला मरायचंच का होतं? सुटून घरी जावं असं तिला का नाही वाटत?’ वर्ग एकदम शांत झाला.

हा प्रश्न उडवून लावू नये. ‘पण लक्षात कोण घेतो?’ याच लेखकाची. १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेल्या त्या कादंबरीत यमूच्या तोंडून विधवेच्या वाट्याला येणारं जिणं त्यांनी असं मांडलं, की वाचणाऱ्याला मान खाली घालावी लागावी. तोच लेखक इतिहासात शिरल्यावर विधवेचं सती जायला निघणं थोर म्हणून रंगवतो. असं का? आम्हाला वाटतं, परक्या सत्तेखाली जगणाऱ्या वाचकाला अभिमानानं मान वर करता येईल असा भूतकाळ त्यांना द्यायचा होता, आणि त्या घाईत यमूला ऐकणारा त्यांचा कान कमलकुमारीकडे वळलाच नाही. सती १८२९मध्ये कायद्यानं बंद झाली होती. गोष्टीत मात्र तिचा मान तसाच राहिला.

म्हणून ही कादंबरी मुलांना द्यायची नाही का? द्यायची, आणि जमेल तर मूळ पूर्ण द्यायची. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे, तिथे चौकशी करा. संक्षिप्त प्रत मूळ प्रतीशेजारी ठेवा आणि काय गाळलंय ते मुलांनाच शोधू द्या. कमलकुमारीचा भाग अवघड म्हणून तो गाळून वाचू नका. तानाजीवर जीव टाकणारं आणि कमलकुमारीसाठी हरिभाऊंशी भांडणारं मूल एकच असू शकतं, हे आम्ही पाहिलंय. त्या मुलीनं पुस्तक परत केलं नाही. ‘अजून एकदा वाचायचंय’ म्हणून ठेवून घेतलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. शिक्षकांपैकी कुणाला काही विचारायचं असेल, तर आधी त्यांना बोलू द्या.