बुधाच्या माचीचा भाव

'माचीवरला बुधा' आपण निसर्गाची कादंबरी म्हणून वाचतो. मुंबई सोडून म्हातारपणी राजमाचीवर परतलेला, झाडं नि जनावरांच्या सोबतीनं एकटा राहणारा बुधा. लोणावळ्याहून तंबू घेऊन तिकडे निघालेल्या कितीतरी जणांच्या डोक्यात तो असतो. मला मात्र ती पैशाची कादंबरी वाटते.

हे खूळ भरलं एका अमेरिकी प्राध्यापकामुळे. वॉल्टर बेन मायकल्स यांनी 'द गोल्ड स्टँडर्ड अँड द लॉजिक ऑफ नॅचरलिझम' (१९८७) या पुस्तकात तिकडच्या जुन्या कादंबऱ्या पैशाच्या अंगानं वाचल्या. थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' (१९००) घ्या. कॅरीच्या हातात दहा-दहा डॉलरच्या दोन नोटा पडतात आणि तिचं आयुष्य वळतं. हर्स्टवुड मालकांची रोकड हातात घेऊन घुटमळतो, तेवढ्यात तिजोरीचं कुलूप लागतं. चोरी करावी की नको, हा प्रश्नच उरत नाही. ड्रायझर भांडवलशाहीवर टीका करतोय, असं मानलं जायचं. मायकल्स म्हणतात, छे, या माणसांची हावच बाजारानं घडवलेली आहे. बाजाराबाहेर उभं राहायला जागा नाही, लेखकालाही नाही.

मग बुधा? तो तर बाहेर पडला ना?

पडला, पण त्याचं एकटेपण आपल्याला सुंदर दिसतं ते मागे मुंबई आहे म्हणूनच. आणि ते त्याला परवडतं, कारण माचीला अजून भाव आलेला नाही. ही अट कादंबरीत कुणी बोलून दाखवत नाही. सगळा डोलारा मात्र तिच्यावरच उभा आहे. गोनीदा तळेगाव दाभाड्याचे रहिवासी, मावळची बोली नि पायवाटा त्यांना पाठ. 'पवनाकाठचा धोंडी'मध्येही तुंगच्या हवालदारकीचा मान हाच धोंडीचा खरा ऐवज. माया, मान, माती यांचं मोल गोनीदांइतकं कुणी जाणलं नाही. रुपयाकडे त्यांनी पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल.

पुढे पवनेवर धरण झालं, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, जमीन गुंठ्यावर आली. 'गुंठामंत्री' हा शब्द लोकांनीच घडवला, कादंबरीकारांची वाट न पाहता. ९ ऑगस्ट २०११ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात शेतकरी बऊरजवळ रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. २०१८मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला. जमीन विकलेला बाप, गुन्हेगारीत गेलेला मुलगा. जोरकस सिनेमा, पण त्यात पैशामागोमाग लगेच रक्त येतं.

मला वाचायचंय ते रक्त न सांडणारं. चेक वटल्यानंतरचे पहिले सहा महिने. दारातली नवी गाडी नि ती वळवायला नसलेली जागा. आपल्याच विकलेल्या वावरातल्या बंगल्यावर वॉचमनची नोकरी. आणि हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी बोलावलेली बहीण. तिला जाताना साडी नेसवतात. ती साडी किती रुपयांची होती, हे ड्रायझरनं नक्की लिहिलं असतं.