सर्पदंशाचा तक्ता बदलायला हवा

नुकताच एका शाळेच्या प्रयोगशाळेत ‘सर्पदंशावर प्रथमोपचार’ असा जुना तक्ता पाहिला. चित्रे सुबक, अक्षर मोठे. सूचना तीन : दंशाच्या वर दोरी घट्ट आवळा, ब्लेडने चीर द्या, रक्त चोखून थुंका. हेतू चांगला, पण तिन्ही सूचना चुकीच्या आहेत.

दोरी आवळल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणस व फुरसे यांचे विष दंशाजवळची त्वचा व स्नायू नासवते. ते तेथेच कोंडले तर हानी वाढते. दोरी एकदम सोडली तर साठलेले विष झपाट्याने शरीरात पसरते. याच विषामुळे रक्त गोठेनासे होते, मग ब्लेडची चीर वाहतच राहते. चोखून तर विष जवळजवळ निघतच नाही.

मग अशा उपायांनी ‘गुण आला’ असे लोक का सांगतात? बरेच दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही दर वेळी पुरेसे विष टोचत नाही. असा रुग्ण एरवीही बराच होणार असतो. श्रेय मात्र दोरीला नाहीतर मांत्रिकाला मिळते. तुलनेला दुसरा गट नसेल तर निष्कर्ष कसा फसतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते : ‘लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे.’ हीच ओळ सर्वांत घातक. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. खूण व वेदना जेमतेम असते. लक्षणांची वाट पाहण्यात श्वासाचे स्नायू लुळे पडण्याची वेळ येते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेची किंमत यावरून कळावी.

नवा तक्ता सोपा आहे. रुग्णाला धीर द्या. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. हातापायाला काठीचा आधार देऊन तो स्थिर ठेवा. रुग्णाला चालू देऊ नका. तडक रुग्णालय गाठा. साप मारण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.

शेवटची ओळ मात्र विद्यार्थ्यांनीच चौकशी करून भरावी : ‘आपल्या गावाजवळ प्रतिसर्पविष कोठे मिळते?’ तक्त्यावर सर्वांत मोठे अक्षर याच उत्तराचे असावे.